रुद्रम्माचा ठराव

होनवाडीत त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात दूध नव्हतं, पण दूधसंस्था होती आणि ती दिवसातून दोनदा भरत होती. म्हशी कुणाच्या छावणीत गेल्या होत्या, कुणाच्या पाहुण्यांकडं, कुणाच्या सरळ बाजारात. तरी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला सभासद मंडळी संस्थेच्या ओट्यावर हजर असत. गावात टेबल, घंटा आणि अकरा खुर्च्या अशा तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या, त्या संस्थेत. मोजायला दूध नाही म्हणून माणसांनी खुर्च्या सोडायच्या थोड्याच असतात. दूध नसल्यामुळं मंडळी ठराव करत.

टँकर आल्यावर रांग कशी लावावी याचा ठराव झाला. मारुतीच्या पाराला चुना लावायचा ठराव झाला. दुष्काळी काम काढल्याबद्दल सरकारच्या अभिनंदनाचा एक ठराव झाला आणि ते उशिरा काढल्याबद्दल निषेधाचा एक झाला, तेही एकाच बैठकीत. चेअरमन नानासाहेब घंटा वाजवायचे आणि सेक्रेटरी व्यंकट लिहायचा. व्यंकटचं अक्षर म्हणजे मोती. स्वभावानं गरीब, आवाजानं त्याहून गरीब. पण प्रोसिडिंग बुकात आपण एक ओळ खोटी लिहिलेली नाही, हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची. एरवी ती कधी ताठ होत नसे.

या मंडळींना ज्या बाईनं नाकात दम आणला ती रुद्रम्मा. साठीची, विधवा, जातीनं लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि तोंडाला कुलूप नाही. सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातून लग्न होऊन आली, ती अर्धी भाषा बरोबर घेऊन आली. सुईणपण सासूकडून शिकली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. भर बैठकीत ती नानासाहेबांना म्हणायची, "तुमी पायाळू आलाव, चेअरमन. मलाच ठावं किती वढून काढलं. तवापास्नं तुमचं समदं उलटंच हाय." ज्या माणसाला आपण जन्मताना बघितलं आहे त्याच्या चेअरमनपणाला घाबरायचं कसं, हे तिला कधी जमलंच नाही.

तिच्या आयुष्यात एकच नियम होता. जीव आणायचा, घालवायचा नाही. पोट पाडायला आलेल्या बाईला ती दारातूनच परत पाठवायची, लिंगावर हात ठेवून 'शिवशिवा' म्हणायची आणि वर चार शिव्या द्यायची. अशीच एकदा सिताबाई आली होती, नवरा वारलेली, चौथा महिना लागलेली. रुद्रम्मानं तिलाही हाकललं. सिताबाई मग दुसऱ्या गावच्या कुणा मुळी देणाऱ्याकडं गेली आणि पाचव्या दिवशी गेली. त्याला बारा वर्षं झाली. रुद्रम्मा ही गोष्ट लोकांना सांगताना 'बघा, पापाचं काय होतं' असं म्हणायची, पण सांगून झाल्यावर तास-दोन तास कुणाशी बोलायची नाही.

त्या उन्हाळ्यात उपकेंद्राच्या नर्सबाईंनी, मालनबाईंनी, संस्थेच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. मालनबाई अणदूरच्या बौद्ध वस्तीतल्या. बापानं रस्त्यावर खडी फोडून पोरीला शिकवलं होतं, आणि पोरगी शिकली ती अशी की तिला कुणापुढं हळू बोलताच येईना. कागदावर लिहिलं होतं की गर्भपाताचा नवा कायदा झाला आहे, बाईच्या जिवाला धोका असेल तर सरकारी दवाखान्यात रीतसर, फुकट आणि गुपचूप होईल.

सभासदांना पहिला राग आला तो भिंत न विचारता वापरल्याचा. तो शमल्यावर त्यांनी कागद वाचला.

"म्हंजे हे सरकारच म्हणतंय व्हय?" नानासाहेब म्हणाले. "उद्या बाया घरात भांडल्या की चालल्या दवाखान्यात."

बंडप्पा नावाचा सभासद होता, त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं, तो सगळ्यात जास्त तापला. "देवानं धाडलेला जीव परत धाडायचा? त्याला का पत्ता चुकला म्हणून कळवायचं?"

आबाराव तेवढे विरुद्ध बाजूला होते. त्यांना सात पोरं होती. "देवाला धाडाया काय जातंय," ते म्हणाले. "सरकारी सुकडीच्या रांगेत देव उभा ऱ्हात न्हाई, म्या ऱ्हातो."

वाद असा तापला की संध्याकाळी सहाचे आठ वाजले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, आपण पुरुष माणसं यातलं काय जाणतो, जाणकाराला विचारू. गावात बायका तीनशे होत्या. मंडळींनी एकीला बोलावलं, ती रुद्रम्मा.

रुद्रम्माला आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळाली. ती तीवर बसली नाही, तिला धरून उभी राहिली आणि बोलली. गर्भाला जीव कधी येतो, तो आत कसा कूस बदलतो, हात लावला की कसा गप्प होतो, हे तिनं असं सांगितलं की बंडप्पाच्या डोळ्याला पाणी आलं. मग सिताबाईची गोष्ट सांगितली. मालनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आक्का, सिताबाई कायदा नव्हता तवा मेली. दवाखाना असता तर मेली नसती."

उत्तर नसलं की रुद्रम्मा आवाज चढवायची. "तू कालची पोर मला शिकवतीस? तुझ्या जन्माआधी म्या शंभर नाळा कापल्या." सभासदांनी टाळ्या वाजवल्या. व्यंकटनं सुरेख अक्षरात लिहिलं: ठराव क्रमांक सात. गावातील कोणत्याही स्त्रीने गर्भ पाडू नये व कोणत्याही सभासदाने त्यास संमती देऊ नये. सूचक, रुद्रम्मा. अनुमोदक, बंडप्पा. सर्वानुमते मंजूर. आबारावांचं मत वेगळं होतं, पण संस्थेत सगळंच सर्वानुमते व्हायचं, ते छापील शब्दासारखं झालं होतं. रुद्रम्मानं बुकात अंगठा उठवला आणि त्या दिवशी घरी जाताना ती रस्त्याच्या मधोमध चालली.

नवव्या दिवशी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर सुमनबाई रुद्रम्माशेजारी येऊन बसली. सुमनबाई म्हणजे व्यंकटची बायको, पाच पोरांची आई, अंगानं काटकी. दुपारच्या सुट्टीत बायका बाभळीखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. सुमननं भाकरी सोडली नव्हती.

"आक्का," ती मातीकडं बघत म्हणाली, "मला दिवस गेल्यात."

रुद्रम्माच्या हातातला घास तिथंच राहिला. सुमनचं पाचवं बाळंतपण तिच्याच हातचं होतं. पोरगं सुखरूप आलं, पण वार आत अडकली आणि रक्त थांबेना. रुद्रम्मानं आपलं सगळं ज्ञान वापरून झाल्यावर, जन्मात पहिल्यांदा, 'माझ्यानं होत न्हाई' असं म्हणून बैलगाडी जुंपायला लावली होती. दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढलं तेव्हा बाई जगली. पुन्हा पोट राहिलं तर ही बाई राहणार नाही, असं तिथल्या डॉक्टरनं रुद्रम्मासमोर सांगितलं होतं. व्यंकटनं तेव्हाच आपलं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं कबूल केलं होतं. मग त्याला त्याची भीती वाटली आणि तीन वर्षं तो विषय त्यानं तहकूब ठेवला.

"किती झाले?"

"अडीच म्हैनं व्हत आलं."

"व्यंकटला सांगितलंस?"

"त्यास्नी कसं सांगू? त्यांनी सोत्ताच्या हातानं ठराव लिहिलाय. आन त्यात तुमचा आंगठा हाय." सुमन रडली नाही. तिनं आपली न सोडलेली भाकरी रुद्रम्माच्या फडक्यात ठेवली. "मला मरायचं न्हाई, आक्का. धाकट्याला आजून पायजम्याची नाडी बांधता येत न्हाई."

रुद्रम्मा तशीच बसून राहिली. मुकादमानं हाक मारली तरी उठली नाही. तिला राग आला होता: व्यंकटचा, ठरावाचा, सुमनचा, देवाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा. बारा वर्षांपूर्वी एकीला आपण दारातून हाकललं, आता दुसरी आली आहे, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि पोटातलं ते लेकरू जीव आहे हेही तिला तितकंच स्वच्छ कळत होतं. दोन्हींतलं एकही खोटं म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी ती मालनबाईंच्या खोलीवर गेली. या उंबऱ्याच्या आत ती आजवर आली नव्हती. कारण उघड होतं आणि लाजेचं होतं. मालनबाईंनी बसायला पोतं दिलं आणि पाणी विचारलं नाही.

"पानी दे," रुद्रम्मा म्हणाली.

"प्याल?"

"टँकरचंच हाय न्हवं? त्यो काय जात इचारून येतो?" ती अख्खा तांब्या प्यायली आणि मग जे सांगायचं ते सांगितलं.

मालनबाईंनी बोटांवर आठवडे मोजले. "तीन महिन्यांच्या आत एका डाक्टरच्या मतानं होतं. त्याच्या पुढं गेलं की दोन डाक्टर लागतात, आन आपल्या दवाखान्यात एकच हाय. येत्या गुरुवारच्या पुढं जाऊ नका. आन एक ध्यानात ठेवा, आक्का. कायद्यात बाईचीच सही लागती. नवऱ्याची लागत न्हाई."

रुद्रम्मा हसली. "व्हय, व्हय."

"खरंच सांगते. लग्न झालेल्या, शहाण्या बाईची स्वतःची सही. बास. तिथला क्लार्क नवऱ्याची मागतो, पण ती त्याची अक्कल."

रुद्रम्माला नर्सबाईची कीव आली. शिकलेली असली तरी पोर अजून लहान आहे, असं तिला वाटलं. म्हैस विकायची झाली तर व्यंकटची सही, शेत गहाण टाकायचं तर सासऱ्याची, पोराला शाळेत घालायचं तर पुन्हा व्यंकटची. आणि एवढी जिवावरची गोष्ट बाईच्या एकटीच्या अंगठ्यावर? सरकार कितीही वेडं झालं तरी इतकं वेडं होणार नाही. तेव्हा सही पाहिजे ती व्यंकटची, आणि व्यंकट ठरावात अडकलेला; म्हणजे आधी ठराव सुटला पाहिजे. असा सरळ विचार करून ती बाहेर पडली आणि तिनं चार दिवस वाया घालवले.

तिनं व्यंकटला रस्त्यात गाठून सगळं सांगितलं. ती कुठलीही गोष्ट आडपडद्यानं सांगत नसे. "तुझी बायकू मरंल. ह्या टायमाला बैलगाडी पुरायची न्हाई. सही कर."

व्यंकटचा चेहरा उतरला. तो एका दगडावर बसला. त्याचं सुमनवर प्रेम होतं, फार होतं, फक्त ते कुठल्या रजिस्टरात लिहायचं हे त्याला माहीत नव्हतं. "आक्का, ठराव हाय," तो कळवळून म्हणाला. "सर्वानुमते हाय. सेक्रेटरीनंच मोडला तर संस्थेचं काय ऱ्हाईल?"

"संस्थेत दूध तर न्हाईच ऱ्हायलं."

"आपण रीतसर जाऊ. तातडीची सभा लावतो. तीन दिवसांची नोटीस द्यावी लागंल. बुधवारी व्हईल."

"आन गुरुवारी मुदत संपती."

"बुधवार गुरुवारच्या आधी येतो," व्यंकट म्हणाला, आणि एवढाच काय तो आधार असल्यासारखा उठून नोटीस लिहायला गेला.

बुधवारी संस्था खचाखच भरली. विषयपत्रिकेवर 'ठराव क्रमांक सातचा फेरविचार' एवढंच होतं. कुणासाठी, ते व्यंकटनं लिहिलं नव्हतं. त्यामुळं ते सगळ्यांना माहीत होतं. रुद्रम्मा उभी राहिली आणि म्हणाली, "म्या सुचवला त्यो ठराव म्या माघारी घेते."

नानासाहेबांनी घंटा वाजवली. "आक्का, ठराव माघारी घ्यायला सभासद असावं लागतं. तुमी सभासद न्हाई. सभासदाकडं म्हैस लागती."

"मग सुचवताना बरी चालली बिनम्हशीची?"

व्यंकटनं उपविधीचं पुस्तक काढलं, पान उलटलं, परत उलटलं, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. सूचक सभासद नसेल तर ठरावच बेकायदा. चार वर्षांत त्याच्या बुकात पहिली चूक सापडली होती आणि ती त्याच्याच हातची होती.

आबाराव म्हणाले, "मग ठराव झालाच न्हाई. चला घरी."

"असं कसं?" बंडप्पा उठला. "ठराव झालाच न्हाई तर आज फेरविचार कशाचा? आजची सभाच बेकायदा ठरती. आन बेकायदा सभेत ठराव बेकायदा हाय असं ठरवलं, तर ते बी बेकायदा. म्हंजे ठराव हायच."

हे बोलणं इतकं पक्कं होतं की नानासाहेबांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. कुणी सुचवलं की रुद्रम्माला मागच्या तारखेनं सभासद करू. त्यासाठी मागच्या तारखेची म्हैस लागत होती. आबाराव आपली छावणीतली म्हैस तिच्या नावावर दाखवायला तयार झाले, पण ती भाकड आहे असा मुद्दा निघाला आणि भाकड म्हशीवर सभासद होता येतं का, यावर दोन तट पडले. सुमनचं नाव कुणी काढलं नाही. रुद्रम्मा एकेकाचं तोंड बघत होती. ही सगळी तोंडं तिनं ओली असताना पुसली होती, आणि तेव्हा ती तिला फार शहाणी वाटली होती.

"आरं, बाई मरतीया," ती म्हणाली. "तुमी म्हशीचं काय घिऊन बसलाव?"

नानासाहेब जरा खजील झाले. त्यांनी मताला टाकायचं म्हणून घंटेवर हात ठेवला. तेवढ्यात वेशीत टँकरचा भोंगा वाजला. पाणी भरायला बायका होत्याच, पण रांग लावणं हे ठराव क्रमांक चारप्रमाणं सभासदांचं काम होतं. अकरातल्या दहा खुर्च्या रिकाम्या झाल्या. मंडळींतला व्यंकट एकटा मागं राहिला, आणि गणसंख्येअभावी सभा शुक्रवारपर्यंत तहकूब, असं त्यानं लिहिलं. लिहिताना त्याचा हात थरथरत होता, पण अक्षर चांगलं आलं.

"शुक्कारी?" रुद्रम्मा म्हणाली.

व्यंकटनं बुक मिटलं आणि दौतीला बूच लावलं.

गुरुवारी पहिल्या एसटीनं रुद्रम्मा सुमनला घेऊन निघाली, सहीशिवाय, ठरावाशिवाय, नुसती तिचा हात धरून. दवाखान्यातल्या क्लार्कनं खिडकीतून विचारलं, "नवऱ्याची सही?"

"नवरा सभंत हाय."

"मग सभा संपली की या."

"ती सभा संपत न्हाई," रुद्रम्मा म्हणाली आणि दवाखान्याच्या दारात आडवी बसली. क्लार्कनं उठायला सांगितलं. तिनं त्याचं गाव विचारलं, त्याच्या आईचं माहेर विचारलं आणि तो जन्माला आला तेव्हा सुईण कोण होती ते विचारलं, कारण तिच्या मते काम नीट झालेलं दिसत नव्हतं. आवाज आत पोचला आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, झोप कमी झालेल्या दिसत होत्या.

"काय चाललंय?" आणि ऐकून घेतल्यावर क्लार्कला म्हणाल्या, "तुम्हाला किती वेळा सांगितलं? सज्ञान बाई आहे. तिचीच संमती लागते."

रुद्रम्मा उठून उभी राहिली. "हिची येकलीची?"

"हो."

"सासऱ्याची न्हाई? गावाची न्हाई? संस्थेची न्हाई?"

"कसली संस्था?"

"दुधाची."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "दूधसंस्थेची लागत नाही."

"मग हे आमाला आधी सांगाया काय झालं व्हतं तुमास्नी?" रुद्रम्मा कडाडली, आणि मग मालनबाईंच्या खोलीतलं ते पोतं तिला आठवलं. ती खोकली आणि पदर सारखा करू लागली.

डॉक्टरीणबाईंनी सुमनला तपासलं, मागच्या वेळचं सगळं विचारलं, रुद्रम्मालाही विचारलं आणि लिहून घेतलं. मग कागद सुमनपुढं ठेवला. काय करणार, कसं करणार, किती दुखेल, सगळं सांगितलं. "आणि नको वाटत असेल तर नाही म्हणा. तेही चालेल. तुम्ही सांगाल तसं."

सुमनच्या अंगठ्याला शाई लावली. कामावरच्या हजेरीपटावर ती रोज अंगठा उठवायची, तेव्हा मुकादमच तिचं मनगट धरून दाबायचा. इथं कुणी मनगट धरेना. अंगठा कागदावर वीतभर उंच तसाच राहिला. ती वळून म्हणाली, "आक्का, लावू का?"

रुद्रम्माच्या ओठावर दोन्ही उत्तरं आली. साठ वर्षं तिनं ज्याला त्याला काय करावं ते सांगितलं होतं, न विचारतासुद्धा. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

"मला इचारू नगंस, पोरी," ती म्हणाली. "म्या एकदा एकीला सांगितलं व्हतं. आता न्हाई सांगनार. म्या इथंच हाय."

सुमन कागदाकडं वळली. "पोरगी असती तर तिचं नाव म्या मनात ठिवलं व्हतं," ती म्हणाली. ते नाव तिनं कुणाला सांगितलं नाही. मग तिनं आपणहून अंगठा खाली नेला आणि नीट दाबला.

रुद्रम्मा बाहेर बाकावर बसून रडली. जगणाऱ्या सुमनसाठी रडली, न आलेल्या पोरीसाठी रडली आणि सिताबाईसाठी, तिच्यासाठी तर बारा वर्षांचं रडायचं राहिलं होतं. आपण पाप केलं की पुण्य, हे तिला कळलं नाही आणि कळल्यासारखं दाखवायची ताकदही उरली नव्हती. एक नर्स येऊन म्हणाली, "झालं. बाई बरी आहे." तेव्हा ती भिंतीला टेकली आणि कितीतरी वेळानं तिनं पाय लांब केले.

दुपारी दोनच्या सुमारास व्यंकट सायकलवर आला. चौदा मैल उन्हातून आला होता, टोपी घामानं भिजली होती आणि छातीशी कागदाची गुंडाळी होती. रुद्रम्माला ओलांडून तो थेट खाटेपाशी गेला. सुमन डोळे उघडे ठेवून पडली होती. तिला जिवंत बघून त्याला बोलताच येईना, म्हणून त्यानं गुंडाळी उलगडली.

"ठराव आणलाय," तो म्हणाला.

"सभा तर उद्या हाय," रुद्रम्मा म्हणाली.

"सभा झाली न्हाई." व्यंकट खाली बघत होता. "म्या पहाटं उठून लिहिला. समद्यांच्या वतीनं. चेअरमनचा शिक्का बी म्याच मारला." ज्याच्या बुकात एक ओळ खोटी नव्हती त्यानं अख्खी सभा खोटी लिहिली होती, आणि लिहिताना आपला हात थरथरला नाही, हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. "वाचू का?"

"वाचा," सुमन म्हणाली.

त्यानं वाचला. सेक्रेटरींच्या कुटुंबाची प्रकृती व परिस्थिती विचारात घेऊन, ठराव क्रमांक सात रद्द करण्यात येत असून, सेक्रेटरी यांनी आवश्यक ती संमती देण्यास ही सभा सर्वानुमते मान्यता देत आहे. सूचक, अनुमोदक, अध्यक्ष, तारीख, मुक्काम, तालुका, जिल्हा. फार सुरेख लिहिला होता.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?" सुमननं विचारलं.

व्यंकटनं कागद पुन्हा वरपासून पाहिला. मग पाठीमागं उलटून पाहिला.

"न्हाई," तो म्हणाला.

"दवाखान्याच्या कागदावर हाय. म्या लावला आंगठा, सकाळीच."

"माझी सही लागली न्हाई?"

"न्हाई लागली."

व्यंकट कागद हातात धरून उभा राहिला. "मग म्या कशापायी आलो?"

"आलाव ते लई बरं केलं," सुमन म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. "सकाळपास्नं घसा कोरडा पडलाय. तेवढं पानी आणा."

त्यानं ठराव खाटेखाली ठेवला, तांब्या उचलला आणि रुद्रम्माला नळ कुठं आहे ते विचारलं. तिनं हातानं दाखवलं.